इंजिनात गेलेले सदरे

आश्विनात इथं दोन वास एकमेकांत मिसळतात, आणि मला ते अजून वेगळे करता येत नाहीत. एक कापलेल्या भाताचा, दुसरा डिझेलचा. स्टेशनच्या पलीकडं कातळावर आमची शेड आहे आणि तिच्या मागच्या उतारावर भाताची खाचरं. सकाळी गवतावर दहिवर असतं. जी माणसं तेव्हा खाचरात कोयता घेऊन वाकलेली असतात, तीच दुपारी शेडमध्ये येऊन इंजिनाखाली वाकतात. केसांत पेंढ्याच्या काड्या, कोपरापर्यंत काळं तेल, आणि भाताच्या पात्यांनी दंडावर उठलेले लाल ओरखडे, ज्यांच्यावर डिझेल लागलं की मोठमोठी माणसं 'आयो' करून ओरडतात.

परवा विलास असाच आला. हा आमचा वेल्डर, पालीचा. कानामागं भाताची लोंबी अडकलेली. मी म्हटलं, "विलासभाऊ, कानामागं लोंबी आहे."

"असू दे वैनी," तो म्हणाला, "दुपारी भूक लागली तर खाईन."

शेड हसली. मीही हसले. पण हातातली कात्री थांबली. दर आश्विनात ती एकदा अशी थांबतेच.

आमच्याकडं, परभणीच्या बाजूला, सुगी म्हणजे ज्वारी. भात मी लग्नाआधी फक्त ताटात पाहिलेला. शिक्षण सातवीपर्यंत; पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती, आणि घरात म्हणाले, पोरीला एवढं पुरे. पुढं लग्न झालं ते इंजिनाच्या फिटरशी. जुनी डिझेल इंजिनं खोलून पुन्हा नवी करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांबरोबर ते इकडं आले, त्यांच्यामागून मी. रत्नागिरी म्हणजे समुद्र, एवढंच मनात धरून मी गाडीतून उतरले, तर चहूकडं तांबडा दगड आणि कमरेएवढं गवत.

"समुद्र कुठंय?" मी विचारलं.

"आहे खाली. इंजिन झालं की जाऊ."

इंजिन झालं की जाऊ, हे त्यांचं सगळ्यालाच उत्तर. एकदा गेलो मात्र. मी लाटांकडं पाहत होते, आणि ते बंदरातल्या लाँचांच्या धुराकडं. "ती तिसरी बघ," म्हणाले, "काळं टाकतेय. डिझेल पुरतं जळत नाही तिच्या पोटात." समुद्रकिनाऱ्यावर बायकोशी असं बोलणारा माणूस.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडं रीत नाही. पण शेडमध्ये सगळे त्यांना सुदामच म्हणायचे, आणि आता मीही म्हणते. दुसरं कोण घेतं आता त्यांचं नाव?

जुनं इंजिन नवं करतात म्हणजे काय करतात, हे मला आधी ठाऊक नव्हतं. वाटायचं, रंगबिंग देत असतील. पण ते सगळं उघडतात. छप्पर काढतात, चाकांवरून उचलून घेतात, पोटातली एकेक वस्तू बाहेर काढून ओळीनं मांडतात. झिजलेलं बदलायचं, चालण्यासारखं असेल ते घासून पुसून परत आपल्या जागी बसवायचं. मग तेच इंजिन पुढची कितीतरी वर्षं मालगाडी ओढतं, पॅसेंजर ओढतं. आता आमच्या मार्गावर वर तारा आल्या, विजेची इंजिनं धावतात. तरी वादळात तारेवर झाड पडलं की सगळ्यांना डिझेल आठवतं. आणि जिथं अजून तारा नाहीत तिथं जायला एखादं म्हातारं इंजिन आमच्याकडं येतंच. ते आलं की माझंही काम येतं.

माझं काम चिंध्यांचं. इंजिनाचं पोट पुसायला नवं कापड चालत नाही. त्यात खळ असते आणि त्याचे तंतू सुटतात. टेरिकॉट तेल पीतच नाही. तिथं लागतं जुनं सुती कापड, माणसाच्या अंगावर झिजून, पुन्हा पुन्हा धुतलं जाऊन साईसारखं मऊ झालेलं. भंगारवाल्याकडून पोती येतात. त्यांत धोतरं असतात, परकर असतात, बाळाची दुपटी असतात, शाळेचे सदरे असतात, खिशावर अजून शाईचा डाग असलेले. मी ते उसवते. बटण, हुक, चेन, जर, सगळं कापून काढते. कारण इंजिनाच्या पोटात तेलाच्या वाटा असतात, करंगळी जाणार नाही इतक्या बारीक. त्यात बटण अडकलं तर पुढच्या बेअरिंगला तेल मिळत नाही. ते कोरडं फिरतं, तापतं, वितळतं. आणि मग माणसांनी भरलेली गाडी कुठंतरी बोगद्यात उभी राहते.

हे मला पहिल्या दिवशी याकूबचाचांनी सांगितलं. चाचा आमचे मोठे फिटर, खाडीकाठच्या गावचे. तरुणपणी बोटीवर इंजिनखोलीत होते, मग आखातात, मग इथं. त्या दिवशी त्यांनी घातलेली भीती माझ्या अंगातून अजून उतरलेली नाही. पद्धतही त्यांचीच: एका कपड्याची बटणं एका दोऱ्यात ओवायची आणि तो दोरा खिळ्याला टांगायचा. इंजिन गाडीला लागेपर्यंत दोरे हलवायचे नाहीत.

आणखी एक रीत आहे आमच्या शेडची. कुठून आली कोण जाणे. शेडमधला माणूस गेला की त्याचे सदरे इंजिनाला द्यायचे. कोणी मागत नाही. घरच्यांना वाटलं तर देतात.

सुदाम भाद्रपदात गेले. गणपतीला सगळे आपापल्या घरी होते आणि हे शेडमागच्या तळघरात तुंबलेलं, उंदरांनी घाण केलेलं पाणी उपसत उभे होते. ताप आला, डोळे पिवळे झाले, आठवडा पुरा झाला नाही. सासरची माणसं आली, दिवस केले, म्हणाली, चल आता. तिकडं माझं काय होतं? मूलबाळ नाही, दिराच्या घरातला एक कोपरा. मी उंबऱ्यावर बोचकं बांधून बसले होते, तेव्हा चाचा आले. ते आत आले नाहीत. अंगणातच उभे राहिले.

"जायचंच असेल तर जा गो बेटी. राहायचं असेल तर चिंधी करायला कोण नाय आमच्याकडं."

एवढंच बोलले. मी बोचकं सोडलं. लोक उपकार करतात तेव्हा केवढं बोलतात; आणि ह्या माणसानं ते असं मांडलं, की अडचण त्यांची आहे आणि उपकार मी करतेय. त्यानंतर चाचींच्या घरून तांदळाच्या भाकऱ्या यायच्या, वर एखादा तळलेला बांगडा. मी मासे खात नव्हते, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी शिकले.

तर त्या आश्विनात शेडमध्ये जे इंजिन होतं, ते सुदामनी अर्धं बांधलेलं. कापणी सुरू झाली तशी माणसं कमी झाली. ज्याचं भात पिकलं तो गेला. उरले चाचा, अर्धा दिवस विलास, आणि मी. इंजिनाचा मुख्य दांडा पुसून झाकणं लावायची होती, आणि पोतं आलं ते सगळं टेरिकॉटचं. चाचांनी एक चिंधी बोटांत चोळली आणि फेकून दिली. दुसरी फेकली. माझ्याकडं कोणी पाहिलं नाही, आणि त्या न पाहण्यामुळंच मला उठावं लागलं.

घरी ट्रंकेत चार सदरे होते. आमच्याकडं गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. मी ठेवले होते. ते घेऊन आले.

"चाचा, हे घ्या."

त्यांनी हात पुढं केला नाही. "घाई नाय गो. पुढल्या इंजिनाला दे."

"त्यांचं इंजिन हेच आहे."

इंजिनाखालून विलासचा आवाज आला, "द्या वैनी. तसा पण सुदाम सुटी कधी घेत नव्हता."

चाचांनी इंजिनाखाली वाकून पाहिलं. मग चाचा हसले. मग मलाही हसू आलं, सुदाम गेल्यानंतरचं पहिलं. विलासनं खालून डोकं काढून पाहिलं, आपलं चुकलं की काय म्हणून.

मी कोपऱ्यात बसून सदरे उसवले. किती धुतले तरी साबण आणि डिझेल यांचा मिळून एक तिसराच वास त्यांत राहिला होता, तो कापडातून वर यायला लागला. मला खाली बघवेना. मी मागच्या उतारावरच्या उडव्यांकडं पाहत राहिले, पेंढ्यांच्या त्या गोल राशींकडं, आणि बोटांनीच बटणं चाचपत काढत गेले. पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या. चाचांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः आत वाकले आणि एकेका चिंधीनं दांडा असा पुसला, की त्यात त्यांची दाढी दिसायला लागली. तेलाच्या चिंध्या साठवल्या तर आपोआप पेटतात, म्हणून वापरलेल्या तिथंच पिंपात जाळतात. त्याही जळल्या. झाकणं लागली. तेल भरलं.

संध्याकाळी मी बटणं ओवायला घेतली. बाकी तिन्ही सदऱ्यांच्या मानानं निळ्या सदऱ्याचा दोरा एकानं कमी भरला.

चटई झटकली. केरात पाहिलं. पदर झटकला, केस सोडून झटकले. पुन्हा मोजलं. मग पळत गेले. इंजिन पहिल्यांदा हातानं फिरवून बघतात. लांब पहार घालून चाचा आणि विलास त्याच तयारीत होते.

"थांबा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की पहार खाली पडली.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "आधी व्हता का तो बटण? का तुटलेलाच व्हता?"

मी हातातला दोरा पुन्हा मोजायला लागले.

हा निळा सदरा मी दिवसाआड धुतला होता. त्याची कॉलर उलटवून शिवलेली होती, ती मी शिवली होती. खिशाखाली ग्रीसचा डाग होता, तो आमच्या बार्शीच्या मावशीच्या गावाच्या नकाशासारखा होता, असं मी एकदा म्हटलं होतं आणि ते हसले होते. पण छातीवरची सगळी बटणं होती का? मी डोळे मिटून त्यांना त्या सदऱ्यात उभं करायला गेले, आणि ते उभेच राहिनात. घरात तेल येऊ नये म्हणून ते सदरा बाहेर, खुंटीला काढून ठेवायचे आणि बनियनवर आत यायचे. सकाळी अंधारात बाहेरच तो अंगात घालून निघून जायचे. मी तो सदरा ओला पाहिला होता, पिळताना पाहिला होता, दोरीवर उलटा पाहिला होता. माणसासकट तो सदरा ह्या दोघांनी पाहिला होता.

"व्हता बटण," विलास म्हणाला. "मला वाटतंय व्हता." मग डोकं खाजवून, "का तो खाकी सदरा?"

चाचांनी पडलेली पहार उचलून भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "उजेडात उघडू. सकाळी."

"चाचा, सकाळी माझा भात…" विलास बोलता बोलता थांबला. पालीला त्याचं भात कापून खाचरात आडवं पडलं होतं आणि आभाळ भरून आलं होतं. एक सर आली असती तरी वर्षाचं खाणं कुजलं असतं.

"तू जा. मी आणि बेटी बघतंव."

"काय बघतंव? झाकण तुमच्यानं उचलतंय?" विलास म्हणाला. "येतंय मी. भिजला तर भिजला. पेज करून पिऊ."

सकाळी तो आमच्याआधी येऊन बसला होता. आभाळाकडं एकदाही पाहिलं नाही त्यानं. ते न पाहणं मी विसरणार नाही. तेल पुन्हा काढलं, धोतराच्या फडक्यातून गाळलं. झाकणं उतरवली. चुंबकाला बटण लागत नाही. डोळ्यांनी आणि बोटांनीच शोधायचं. झाकणामागच्या एका दारातून विलास, एका दारातून चाचा. बारीक हातांचा उपयोग होईल म्हणून मलाही आत वाकवलं.

सुदाम दिवसभर कुठं असायचे ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आत थंड होतं. बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. तो दांडा, त्यांच्या सदऱ्यांनी पुसलेला, उजेड पडला की पाण्यासारखा हलायचा. मी एकेका भोकात बोट घालत होते, कोपरे चाचपत होते, आणि मला वाटत होतं, इथंच कुठंतरी, आत्ता, बोटाला लागेल.

नाही लागलं. दुपारपर्यंत प्रत्येक वाट पाहून झाली. वाऱ्याच्या नळीनं फुंकून झाली. चाचांनी शेवटचं दार पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उठले. "नाय. साफ हाय."

"वाचलो रे बाबा!" विलासनं हात वर केले. चाचांनी डोळे मिटून दोन शब्द पुटपुटले. मीही हात जोडले. पण त्या शेडमध्ये मी एकटी होते, जिला ते बटण सापडायला हवं होतं.

इंजिन सुरू झालेलं नव्हतं. सापडलं असतं तर कोणाचं नुकसान नव्हतं. काढून दोऱ्यात ओवलं असतं, झालं. आणि मला कळलं असतं, की त्यांचा सदरा शेवटपर्यंत धड होता. ते घरातून निघायचे तेव्हा नीट निघायचे. माझं लक्ष होतं. त्या एवढ्याशा वस्तूनं माझ्या बाजूनं साक्ष दिली असती. दुसरं कोण देणार?

चाचा पिंपापाशी भुशानं हात घासत होते. मला तशी बसलेली पाहून त्यांना वाटलं, मी अजून घाबरलेय. जवळ आले, आवाज मऊ केला.

"मनाला लावून घेऊ नको गो. तो बटण नव्हताच. रात्री मला नीट आठवला. लई दिवस नव्हता. मी त्याला रोज बोलायचो, सुदाम, छाती झाक, ठिणगी उडेल. तो हसायचा. बोलायचा, आज घरी सांगतो. नि मग विसरायचा."

मला धीर यावा म्हणून सांगितलं त्यांनी. मी मान हलवली. "बरं झालं सांगितलंत, चाचा," असंही म्हटलं.

मग त्यांनी इंजिन सुरू केलं. आधी खोकलं, काळं ओकलं, आणि मग असं लागलं की पत्रे थरथरायला लागले, खिळ्यावरचे दोरे हलायला लागले. विलास माझ्याकडं बघून काहीतरी ओरडत होता, हसत होता. त्याच्या भातावर पाऊस आला नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी पुढं कितीतरी दिवस देवाला हात जोडत होते. माझ्या हिशेबात त्याच्या भाताचं नुकसान तरी नको होतं.

ते इंजिन पुष्कळ वर्षं इथंच धावलं. मालाच्या वाघिणी ओढल्या, गणपतीला घरी येणारी माणसं ओढली. घाट चढताना त्याचा आवाज मला ओळखू यायचा, किंवा तसं वाटायचं. पुढं तारा आल्या आणि ते दूर कुठंतरी गेलं. कुठं, ते मी विचारलं नाही. चाचाही गेले. चाचींनी त्यांचे सदरे स्वतः आणून माझ्या मांडीवर ठेवले, आणि मी ते डोळे उघडे ठेवून उसवले. प्रत्येक बटण बघून, हातात धरून. सगळी होती. चाची लक्ष ठेवून असायच्या.

मी अजून इथंच आहे. गावाकडून फोन येतो, ये म्हणतात. बघते, म्हणते. ह्या माणसांनी मला एवढं दिलं, की आता इथून उठायचं म्हणजे कोणाचं तरी ताट लाथाडल्यासारखं होईल. तसं म्हटलं तर सगळं ठीक आहे. फक्त रस्त्यानं चालताना माझी नजर माणसांच्या तोंडाकडं जात नाही, छातीकडं जाते. विचित्र दिसतं ते, मला कळतं. बाईमाणसानं असं बघू नये.

काल विलासच्या घरी नव्या भाताचे पोहे खायला गेले होते. परतताना पालीच्या स्टँडवर उभी होते. शेजारी एक गवंडी, पिशवीत थापी, सिमेंटनं पांढरी झालेली नखं. छातीवरचं बटण नव्हतं. तिथं नुसता दोरा लोंबत होता.

"दादा, बटण तुटलंय तुमचं."

त्यानं खाली पाहिलं. "हां, कवाचा तुटलाय तो."

"घरी सांगा ना."

"सांगतो की," तो हसून म्हणाला, आणि त्याची गाडी आली म्हणून चढला. खिडकीशी बसला. मी खिडकीपाशी गेले. काचेतून त्यानं पाहिलं, ही बाई अजून काय म्हणतेय म्हणून काच सरकवली. गाडी हलली. मी तिच्याबरोबर चालायला लागले.

"आजच सांगा, दादा," मी म्हटलं. "विसराल."